सुईवाले सर आणि सलूनची खुर्ची

समस्त नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की आपले दोन्ही कान खोटं बोलतात. डावाही आणि उजवाही. ज्या कानांच्या भरवशावर आपण आजवर लग्नं जमवली, भांडणं मोडली आणि शेजाऱ्यांच्या घरातल्या बातम्या गोळा केल्या, ते कान साक्षीला उभे करायच्या लायकीचे नाहीत. ही दुःखद वार्ता मला आमच्याच घराच्या माडीवर, भर दुपारी, डोळ्यांना गमछा बांधून, सलूनच्या खुर्चीत बसवून देण्यात आली. देणारे होते आमचे भाडेकरू, सुईवाले सर.

सर मूळचे नाशिकचे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य इस्त्री करून बाहेर काढलंय. आम्ही पडलो इंदूरचे. आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. घोडे गेले, पागा गेली, मराठी तेवढी राहिली, तीही अर्धी हिंदीच्या दावणीला बांधलेली. सर विचारायचे, "वहिनी, पाण्याची व्यवस्था झाली का?" मी म्हणायची, "हो सर, टंकी फुल आहे, टेन्शन नका घेऊ." ते क्षणभर डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "आभारी आहे."

त्यांचं काम म्हणजे विमान शिकणाऱ्या पोरांना ढगातलं उडणं शिकवायचं, आणि तेही जमिनीवर बसून. ढगात शिरलं की वैमानिकाला बाहेरचं काहीच दिसत नाही. जमीन नाही, आकाश नाही, क्षितिज नाही. तेव्हा समोरच्या सहा गोल तबकड्यांवरच्या सुया वाचून विमान चालवायचं असतं. विमानतळाकडच्या फ्लाइंग क्लबातली पोरं दुपारी आमच्या माडीवर यायची, चपलांचा ढीग जिन्यावर पडायचा आणि वर सुयांचा अभ्यास सुरू व्हायचा. पोरांनीच त्यांना 'सुईवाले सर' केलं. गल्लीत ते नाव इतकं पसरलं की एक दिवस एक बाई कडेवर रडकं पोर घेऊन जिना चढून आली. "सुईवाले डाक्टर साब यहीं बैठते हैं क्या?" सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि आपल्या नाशकी हिंदीत समजावलं, "बाई, मेरी सुई टोचती नहीं. सिर्फ खरं बोलती है." बाईला काही कळलं नाही, पण पोर रडायचं थांबलं.

आता खुर्ची. परदेशीपुऱ्यातल्या एका सलूनने नवीन फर्निचर केलं तेव्हा त्यांची जुनी गोल फिरणारी खुर्ची सरांनी मागून आणली. लोखंडी पाय, लाल रेक्झिन, मान टेकायला उशी. माडीवर चढवताना आमच्या जिन्याचा कठडा धारातीर्थी पडला. पण खुर्ची फिरताना कुरकुरायची, आणि ते सरांना चालेना. "आवाज आला की दिशा कळते, वहिनी. चोर पकडायचा तर त्याला पहारेकऱ्याची चाहूल लागता कामा नये." म्हणून खुर्ची पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये गेली. मिस्त्रीने नवं बेअरिंग घातलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "साब, कटिंग की दुकान डाल रहे हो क्या?"

"नहीं," सर म्हणाले. "घमंड उतारने की."

"तो भिया, दो बनवा लो," मिस्त्री म्हणाला. "एक कम पड़ेगी."

प्रयोग साधा होता. डोळे बांधायचे, खुर्चीत बसायचं, आणि आपण कुठल्या बाजूला फिरतोय ते बोटाने दाखवायचं. सर खुर्ची हळूच उजवीकडे फिरवायचे. बोट उजवीकडे. छान. मग त्याच गतीने फिरवत राहायचे, आणि थोड्या वेळाने खुर्चीतला शहाणा जाहीर करायचा, "आता थांबली." खुर्ची फिरतच असायची! मग सर ती खरोखर थांबवायचे, आणि शहाणा किंचाळायचा, "आता उलटी, डावीकडे!" खुर्ची देवळातल्या नंदीसारखी स्तब्ध. बघणारी पोरं जमिनीवर लोळायची. सर मात्र गंभीर. "कानाच्या आत पाणी असतं. खुर्ची थांबते, पाणी थांबत नाही. खाली हे हसण्यावारी जातं. ढगात असाच कान म्हणतो, आपण सरळ आहोत. आणि विमान वळत वळत खाली जात असतं."

मी दोनदा बसले, दोनदा फसले. माझ्या सासूबाईंना मात्र आपल्या कानांची घमेंड. देवघरात बसून त्यांना फाटकाची कडी ऐकू येते. त्या खुर्चीत बसल्या, आणि खुर्ची पूर्ण थांबलेली असताना दोन्ही हातांनी दांडे धरून ओरडल्या, "मास्तर, धरा मला, मी चालले!" गमछा सोडला तेव्हा समोर भिंतीवरचं कॅलेंडर होतं, जिथल्या तिथे. बराच वेळ त्या कॅलेंडराकडे संशयाने बघत राहिल्या. खाली येताना म्हणाल्या, "माझा कान पक्काच आहे. भिंत हलली असेल."

दूधवाला बसला, गॅसवाला बसला, आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात माझ्याबरोबर काम करणारे तिघे बसले. अख्खी गल्ली त्या खुर्चीत फसून गेली. एक माणूस सोडून. सर स्वतः त्या खुर्चीत कधीच बसले नाहीत.

शिकवायची त्यांची तऱ्हा मला फार आवडायची, कारण तिला माझ्या स्वयंपाकघरातलं सामान लागायचं. विमान हवेत का राहतं आणि का पडतं, हे समजावायला त्यांनी माझं धान्य पाखडायचं सूप नेलं. कूलर पूर्ण जोरात लावायचा, त्याच्या समोर सूप आडवं धरायचं. पुढची कड थोडी उचलली की सूप हातात हलकं होतं, वर जाऊ बघतं. आणखी उचललं की आणखी वर. आणि मग पोरांना चेव येतो. कड फार वर गेली की एकाएकी सूप थरथरतं, आणि उचलणारा जोरच नाहीसा होतो. "पाहिलंत? वर जायचं म्हणून नाक वर करत राहिलात तर एक वेळ अशी येते की हवा म्हणते, आता तुमचं तुम्ही बघा." एका पोराने ते सूप खिडकीतून थेट शेजारच्यांच्या वाळवणावर उतरवलं. सर म्हणाले, "सुंदर. पण धावपट्टी चुकली."

सहा तबकड्या मी माझ्या पद्धतीने पाठ केल्या. उंची सांगणारी, वेग सांगणारी, दिशा दाखवणारी, वळण मोजणारी. चढ-उतार सांगणारी म्हणजे आमच्या आत्याबाई: बातमी पक्की, पण जरा उशिरा पोचणार. आणि मधोमध खोटं क्षितिज. निळं आकाश, तपकिरी जमीन, मध्ये पांढरी रेघ. ढगात खरं क्षितिज दिसत नाही तेव्हा हे खोटंच खरं मानायचं. मी एकदा सरांना खिंडीत गाठलं. "सर, कान खोटा, मान्य. सुई कधीच खोटं बोलत नाही?"

"बोलते ना. वेगाच्या तबकडीला हवा पोचवणारी नळी बाहेर असते. त्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि सुई भलतंच सांगायला लागते." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण सुई खोटं बोलते तेव्हा एकटीच बोलते, वहिनी. बाकीच्या पाचजणींना विचारा. त्या लगेच तिला उघडं पाडतात." मी म्हटलं, ही तर आमची भजनी मंडळी. त्यांना ते इतकं पटलं की पुढच्या बॅचला तसंच सांगितलं.

सरांचा एक हट्ट होता. सुया नुसत्या डोळ्यांनी वाचायच्या नाहीत. तोंडाने बोलायचं. ठणठणीत. "पंख सरळ. नाक जागेवर. उंची तीच. वेग तोच." राजस्थानातलं पोर असो की बिहारमधलं, त्याने हे मराठीतच म्हणायचं. एकाने कुरकुर केली तर म्हणाले, "विमानाला भाषा कळत नाही. पण हाताला पाठ झालेलं कळतं. डोळ्यांनी पाहिलेलं हात ऐकत नाही. त्याला तोंडाने सांगावं लागतं." दुपारभर वरून पाढ्यांसारखा तो घोष खाली यायचा. सासूबाई वाती वळता वळता पुटपुटायला लागल्या. मीही घरात भांडण पेटलं की मनात म्हणायची, पंख सरळ, नाक जागेवर. उपयोग होतो. नाक जागेवर राहणं हे माझ्यासाठी तरी सोपं नाही.

आणि काही सवयी अशा होत्या की त्यांचा अर्थ आम्हाला लागत नव्हता. जिना उतरताना सरांचा एक हात कायम भिंतीवर. झोपताना दोन उशा. आमच्या बैठकीत झोपाळा आहे, आलेला प्रत्येक माणूस आधी त्याच्यावर जाऊन बसतो. सर कधी बसले नाहीत, लाकडी खुर्ची ओढून घ्यायचे. आणि नाशिकला जायचं तर रेल्वेने. एवढा विमानवाला माणूस, स्लीपरचा डबा आणि घरून नेलेली पोळी-भाजी. सासूबाईंचं निदान होतं, कंजूष आहे.

आता माझी मुलगी मुक्ता. तीही त्याच क्लबात विमान शिकत होती, आणि अर्थातच सरांची विद्यार्थिनी. खुर्चीत सगळ्यात कमी फसणारी, घोष सगळ्यात मोठ्याने म्हणणारी. ढगातल्या उडण्याचा सराव खऱ्या ढगात नसतो. विद्यार्थ्याच्या डोक्यावर घोड्याच्या झापडांसारखी एक टोपी घालतात. बाहेरचं दिसत नाही, फक्त तबकड्या दिसतात. शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. पागेतल्या घराण्यातली पोरगी झापडं बांधून निघालीय, म्हणून मी सगळ्यांना हसत सांगत फिरले.

एक दिवस ती घरी आली. बॅग पलंगाखाली सारली आणि म्हणाली, "मम्मी, मी एमबीए करते."

आमच्या घरात एमबीए हा शब्द असा उगाच कुणी काढत नाही. हळूहळू कळलं. झापडं बांधून वळण घेत होती. वळण लांबलं, आणि तिच्या कानाने सांगितलं, सरळ झालो. उंचीची सुई खाली सरकायला लागली. तिने घाबरून नाक वर ओढलं. पण विमान कललेलं असताना नाक ओढलं की ते वर जात नाही, आणखी घट्ट वळतं आणि आणखी खाली जातं. सरांचा पहिला नियम हाच: आधी पंख, मग नाक. हजारदा म्हटलेला. इन्स्ट्रक्टरने टोपी काढून विमान हातात घेतलं, सगळं ठीक झालं. पण मुक्ता म्हणत होती, "मला सुई दिसत होती, मम्मी. क्लिअर दिसत होती. तरी मी उलटंच केलं. आता टेस्ट पंधरा-वीस दिवसांवर आली, आणि माझ्याने नाही होणार. बस. फिनिश."

वर्गाला दांडी पडली तशी संध्याकाळी सर भिंतीला हात लावत खाली आले. लाकडी खुर्ची ओढली. मुक्ता झोपाळ्यावर, पाय वर घेऊन.

"घाबरलीस ते बरं झालं," सर म्हणाले. "न घाबरणारा वैमानिक मला आवडत नाही. उद्या खुर्चीत बस. मग टोपी घालून पुन्हा वर जा."

मुक्ता माझ्यावर गेलेली आहे. दुखावली की तिची जीभ बाहेर येते. "सर, तुम्ही कधी बसलात त्या खुर्चीत? आणि विमानात? तुम्ही तर नाशिकला पण ट्रेनने जाता. दुसऱ्याला सांगायला काय जातं!"

"मुक्ता!" मी ओरडले. सासूबाईंच्या हातातली वात थांबली.

सरांनी चष्मा काढला. "बरोबर आहे," म्हणाले. "विचारायलाच हवं होतं तू. बाकीचे घाबरतात मला."

मग त्यांनी सांगितलं. प्रवासी विमान चालवायचे ते. एकदा ढगात असताना एकाएकी सगळं जग उजवीकडे कोसळलं. कानाचा आजार होता, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. "खोटं क्षितिज समोर होतं. रेघ सरळ होती. मी ती वाचत होतो. आणि माझे हात विमान डावीकडे वळवत होते. मी वाचतोय, आणि हात ऐकत नाहीत. शेजारी तरुण को-पायलट होता. तो म्हणाला, 'सर, माझ्याकडे द्या.' मी दिलं. उतरल्यावर मागच्या कुणाला काही कळलंही नव्हतं. एकाने चहा थंड होता अशी तक्रार केली." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "लायसन्स गेलं. पुढे उपचाराने आजारही गेला. डॉक्टर कधीपासून सांगतात, प्रवासी म्हणून खुशाल बसा. पण बसलो आणि पुन्हा हातांनी ऐकलं नाही तर? म्हणून बसत नाही. जे मला जमलं नाही, ते मी शिकवतो."

झोपाळा थांबलेला.

मग मुक्ता म्हणाली, "तेव्हा तुम्ही तोंडाने बोलला होता का? पंख सरळ, नाक जागेवर?"

"नाही. ते मला नंतर सुचलं."

"म्हणजे तुमची मेथड तुम्हीच ट्राय नाही केली." ती झोपाळ्यावरून उतरली. "चला, डील करू. मी उद्या खुर्चीत बसते. टेस्ट पण देते. पास झाले, लायसन्स आलं, की माझ्या पहिल्या फ्लाइटला मागच्या सीटवर तुम्ही. ढगात."

"आणि नापास झालीस तर?"

"तर तुम्ही सुटलात."

सरांनी विचार केला. "म्हणजे तुला नीट शिकवण्यात माझा तोटा आहे."

"पूर्ण तोटा," मुक्ता म्हणाली.

"ठीक आहे," सर म्हणाले. पण जिना चढताना त्यांचा हात भिंतीवरून सरकत नव्हता, चिकटत होता.

आणि मग जे शिकवलं त्या माणसाने! सकाळी वर्ग, दुपारी खुर्ची, संध्याकाळी कागदाची टोपी घालून सहा तबकड्यांच्या चित्रासमोर घोष. आज एक तबकडी रुमालाने झाकायची, उद्या दुसरी, आणि उरलेल्यांवरून विमान सांभाळायचं. कललेल्या विमानातून बाहेर कसं यायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने आधी पंख आणि मग नाक सांगितलं असतं. ती एकेक गोष्ट पक्की करत चालली तसे सर खूश होत आणि त्याच वेळी जरा पांढरे पडत. सासूबाई वरचा आवाज ऐकून म्हणाल्या, "बिचारे मास्तर. स्वतःच्याच गळ्यातला दोर किती मन लावून वळतायत."

टेस्टच्या दिवशी मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. फोन वाजला. पलीकडून मुक्ता फक्त एवढंच म्हणाली, "पंख सरळ, मम्मी." मी जिना कसा चढले मला माहीत नाही. सर सलूनच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी सांगितलं. त्यांचा चेहरा आधी असा उजळला की वाटलं हे आता नाचणार. मग तो उजेड हळूच मावळला. "उत्तम," म्हणाले. "फार उत्तम. वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

लायसन्स हातात यायला पावसाळा सरत आला. तोवर नाशिकहून त्यांच्या भावाचा तगादा सुरू झाला होता: आता एकटं राहणं पुरे, घरी या. सरांनी होकार कळवला. सामान बांधायला लागले. मला वाटलं, सुटले. पण मुक्ता वर जाऊन उभी राहिली. "सर, डील." आणि सर म्हणाले, "विसरलो नाही."

नेमका श्राद्धपक्ष चालू होता. सासूबाईंनी दारात हात आडवा लावला. "या दिवसांत लोक वरून खाली येतात. तुम्ही खालून वर कुठे निघालात?" पण कापसासारखे मोठे ढग त्याच दिवसांत होते, आणि क्लबाने विमान दिलं होतं, इन्स्ट्रक्टर मुक्ताच्या शेजारी बसेल या अटीवर. चार सीटचं विमान. चौथी सीट मी बळकावली. सरांना धीर द्यायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे असं नाटक रंगत असताना मी घरी बसणं शक्यच नव्हतं.

निघण्याआधी सर प्रत्येकाचं वजन विचारून हिशेब करत होते. मी जरा माफक आकडा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, नवऱ्याशी बोला खोटं. विमानाशी नको." मी कानात खरा आकडा सांगितला. तेल कमी भरावं लागलं. इन्स्ट्रक्टरने विचारलं, "सर, फ्यूल क्यों कम?" सर म्हणाले, "आज हवा हलकी है." असा माणूस.

विमान सुटलं. खाली घरं काडेपेट्यांएवढी झाली, महूकडे जाणारा रस्ता दोरीसारखा. सर माझ्या शेजारी ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर. आम्हा चौघांच्या कानांवर हेडफोन. कंट्रोलरची परवानगी आली, आणि मुक्ताने नाक त्या पांढऱ्या डोंगराकडे वळवलं. बाहेरून ढग किती मऊ दिसतो! आत शिरलं की कुणी खिडक्यांना चुना फासल्यासारखं. वर-खाली काही नाही. एक धक्का बसला, मग दुसरा. माझ्या कानाने तत्काळ जाहीर केलं की आपण डावीकडे लोळतोय. मी कानाला म्हटलं, तू गप्प बस, तुझी मला माहिती आहे.

पण सरांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी. हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "उजवीकडे पडतोय आपण."

इन्स्ट्रक्टरने मान वळवली. मुक्ताने नाही वळवली. तिची नजर तबकड्यांवरच. ती मोठ्याने म्हणाली, वर्गात म्हणायची तशी, "पंख सरळ." आणि थांबली. "सर? पुढचं?"

विमानाच्या इंजिनाचा घरघराट. माझं मनगट दुखायला लागलं.

"सर, मला दिसत नाहीये नीट," मुक्ता म्हणाली. धडधडीत खोटं! "तुम्ही वाचा."

सर पुढे वाकले, तिच्या खांद्यावरून. "नाक," ते म्हणाले. घसा खाकरला. "नाक जागेवर."

"उंची?"

"उंची... तीच."

"वेग?"

"तोच. वेग तोच. पंख सरळ." आता त्यांना थांबवायची गरज नव्हती. "नाक जागेवर. उंची तीच. वेग तोच." एकदा, पुन्हा, पुन्हा. आवाजाला इस्त्री परत आली. आणि मग माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. मी बघितलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात मांडीवर, उघडे, गप्प. कान ओरडत असणारच, पण हात ऐकत होते.

इथे मी जरा थांबते. पडदा पडायच्या आधी थांबणं हा माझा जुना छंद आहे. सर आता नाशिकला भावाकडे आहेत. सलूनची खुर्ची आमच्या बैठकीत, झोपाळ्याच्या समोर आहे. पाहुणे आले की आधी तिच्यात बसवून त्यांचा घमंड उतरवते आणि मगच चहा टाकते. मुक्ता एका विमान कंपनीत को-पायलट आहे. विमानात प्रवासी बसल्यावर शेजारचा कॅप्टन तिला विचारतो, हे तू मराठीत काय पुटपुटतेस, आणि ती म्हणते, घरचा मंत्र आहे. सरांचा फोन येतो, तेव्हा ते अजूनही विचारतात, "पाण्याची व्यवस्था ठीक आहे ना?" मी म्हणते, टंकी फुल आहे. निघायच्या आदल्या दिवशी ते चहा घ्यायला खाली आले तेव्हा कुणाला न विचारता झोपाळ्यावर जाऊन बसले. पायाने एक झोका दिला, मग दुसरा. सासूबाईंनी वात वळायची थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मी सासूबाईंकडे. आमच्या घरात ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी ढग एकाएकी संपला. लखलखीत ऊन, निळं आकाश, खाली हिरवा माळवा पसरलेला आणि तलावाचं पाणी चकाकतंय. इन्स्ट्रक्टरने खांदे सैल सोडले आणि म्हणाला, "बढ़िया, मुक्ता." मुक्ता नाक पुसत होती, पण हात कंट्रोलवरच होता. आणि माझ्या शेजारच्या सीटवरून, ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता त्या सुईवाल्या सरांनी, चौघांच्या कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्याने, झुल्यावरून उतरायला तयार नसलेल्या पोरासारखं ओरडून सांगितलं,

"अगं मुक्ता, वळव! वळव ना! परत घाल त्या ढगात!"